इंजिनची बारी

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला बारी होती. बारी म्हणजे नंबर. न्हाणीच्या गरम पाण्याला बारी, आरशाला बारी, भाताच्या तळाशी लागलेल्या खरपुडीलासुद्धा बारी. काल दादानं खाल्ली असेल तर आज माझी, म्हणजे इंदूची, मग मला ताप असला तरी ती खरपुडी झाकून माझ्यासाठी ठेवलेली असायची. याला कारण माझे बाबा. ते गावाचे पाणकर होते. केशोरीपासून तीन किलोमीटर आत आमचं गाव, गावाच्या डोक्यावर आमच्याच वाडवडलांनी बांधलेला तलाव, आणि त्या तलावाचं पाणी कोणाच्या शेतात कधी नि किती जाईल, हे पाहायचं काम बाबांकडं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, पाणी सोडायचं दार असतं, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. ते उघडणं आणि बंद करणं एवढंच काम, असं परक्याला वाटेल. पण त्यातला नियम असा की शेपटाकडचं, म्हणजे सगळ्यात लांबचं शेत आधी भिजायचं आणि तुडुमाजवळचं सगळ्यात शेवटी. आणि आमचं शेत तुडुमाला चिकटून. त्यामुळे तलावाच्या मालकासारखे वागायचा हक्क असलेले आम्ही, दरवर्षी सगळ्यांच्या मागे. माय यावरून बाबांना टोमणे मारायची, "गावभराची तहान भागली की आपल्या धानाले ओठ ओले करू द्याल ना जी?" बाबा हसायचे आणि पाळीवर निघून जायचे.

असल्या घरात मला सायन्स घ्यायचे डोहाळे लागले. दहावीला बरे मार्क पडले होते, आणि मला यंत्रांचं वेड होतं, म्हणजे इतकं की शिलाई मशीन बिघडली की मला आनंद व्हायचा. सायन्स होतं अर्जुनीला, बावीस किलोमीटरवर. अकरा वाजताचे तास मला बसनं मिळायचे. पण सोमवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिकल असायचं सकाळी सातला, आणि आमची पहिली बस पोचायची साडेआठला. प्रॅक्टिकल सुरू झाली आणि पहिली तीनही माझी बुडाली. सरांनी बोलावून शांतपणे सांगितलं, "चौथं बुडालं तर नाव आर्ट्सला टाकतो. मग माझ्याकडं रडत येऊ नकोस." मला त्या माणसाचा तेव्हा फार राग आला होता. आता मी स्वतः गोंदियाला पोरापोरींना इंजिन शिकवते, तेव्हा कळतं की ते बिचारे माझ्यापेक्षा बरेच मऊ होते.

सायकलनं जा, असं कोणीही म्हणेल. दादाची सायकल घरातच होती, आणि साधी नाही, गेअरवाली, जाड टायरची, डोंगरावर चढणारी. आमच्याकडं डोंगर नव्हता ही गोष्ट वेगळी. दहावी पास झाल्यावर दादानं ती हट्टानं घ्यायला लावली, तिच्यावर बसून दोन महिने बाजारात मिरवला आणि नागपूरला कामाला निघून गेला. मागे सायकल, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. पण रस्ता जंगलातला. बाबांचं म्हणणं एकच, उजाडल्याशिवाय पोरीनं त्या रस्त्याला पाय ठेवायचा नाही, अस्वलं फिरतात. उजाडायचं सहाला. बावीस किलोमीटर पायडल मारून एका तासात पोचेन असा दम माझ्या पायात नव्हता, आणि ती सायकल दिसायला जेवढी रुबाबदार तेवढीच ओढायला जड होती.

आता इथं आमच्या घरातली दुसरी मौल्यवान वस्तू येते. फवारणीचा इंजिनवाला पंप. पाठीवर घ्यायचा, दोरी ओढायची, फटफट सुरू. गावात तसा एकच पंप होता आणि तो आमचा, म्हणजे बाबांच्या हिशेबानं तो गावाचा. त्याचं इंजिन नारळाएवढं. चार बोल्ट सोडले की हातात येतं, हे मी कधीच पाहून ठेवलं होतं.

मी बाबांकडं जाऊन सरळ बोलले. बाबांशी आडून बोलून उपयोग नसायचा, ते पाण्याचे माणूस, सरळ उतारानं आलेलं बोलणंच त्यांना पटायचं. म्हटलं, "बाबा, पंपाचं इंजिन मले सोमवार-गुरुवार पाह्यजे. सायकलीले लावतो. आल्यावर परत पंपाले लावून देईन." बाबा म्हणाले, "म्हणजे इंजिनची बारी लावून मागतेस." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बारीनं मागतेस त घे. पण पंपाचं तेल त्याच्या डब्यात आहे, ते पंपाचं. त्याले हात लावजो नोको." आणि या एका वाक्यानं पुढचं सगळं रामायण झालं.

सायकल तयार करायला मला पंधरा दिवस लागले; नशिबानं तेवढे दिवस प्रयोगशाळेचं छत गळत होतं म्हणून प्रॅक्टिकल बंद होती. केशोरीत गफूरचाचांचं दुकान होतं, सायकल, पंप, कुलूप, छत्री, जे मोडेल ते. चाचा दिवसभर हिंदीत कुरकुर करायचे आणि कुरकुर करताकरताच काम सांगायचे. मी इंजिन मागच्या चाकावर बसवलं. बाभळीच्या लाकडाचा एक रूळ सुताराकडून गोल करून घेतला, त्यावर धानगिरणीच्या फेकलेल्या पट्ट्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकला, आणि तो रूळ इंजिननं फिरायचा आणि टायरला घासून चाक फिरवायचा. इंजिन दाराच्या जुन्या बिजागरीवर होतं, दांडी ओढली की उचललं जायचं, सोडली की टायरवर बसायचं. हाच माझा क्लच. पण दादाच्या टायरला चिखलात पकड धरायला म्हणून बोटबोट उंच दाणे होते. रूळ त्यावरून असा थरथरत जायचा की पहिल्या दिवशी माझे दात वाजले. मग मी विळा घेतला आणि मागच्या टायरचे दाणे एकेक करून सोलून काढले. दिवाळीला दादा आला, त्यानं टायर पाहिलं, आणि माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चालवायला मागितली.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा गल्लीतल्या कोंबड्या कौलावर गेल्या. माय दारात उभी राहून म्हणाली, "इतला आवाज करून काय शिकायले जातेस? तिथवर ऐकू जात असन का?" चाचांनी मात्र माझी गाडी चारी बाजूंनी पाहिली, दांडी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "चलेगी. तेरे बाप जैसी है, धीरे चलेगी पर रुकेगी नहीं." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात चांगलं सर्टिफिकेट आहे, बाकीची फाईलमध्ये आहेत.

पुढे तेलाचं सांगते. त्या इंजिनला पेट्रोलात तेल मिसळून द्यावं लागतं, नाहीतर ते आतून कोरडं पडतं. पेट्रोल मी केशोरीच्या दुकानातून बाटलीनं आणायचे. पण तेल? विकत घ्यायला पेट्रोलातून पैसे उरत नव्हते, आणि पंपाच्या डब्याला हात लावायचा नाही असं वचन दिलेलं. आणि चाचा एकदा बोलता बोलता म्हणाले होते की पहले के जमाने में लोग एरंडी का तेल डालते थे, अच्छा चलता था. झालं. माझ्या डोक्यात बसलं की खायचं तेल इंजिनला चालतं. एरंडी आमच्या घरी नव्हती. जवसाचं तेल मात्र माठभर असायचं, कारण धान निघाल्यावर आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जवसच पेरायचे आणि आमच्याकडं भाजीपासून वड्यापर्यंत सगळं जवसाच्या तेलात. मी मायला न विचारता पळीभर तेल बाटलीत ओतलं, हलवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. सोळा वर्षांच्या पोरीला स्वतःची हुशारी किती आवडते, ते मी रोज वर्गात बघते.

आणि चाललं की. महिना-दीड महिना उत्तम चाललं. फक्त वास यायचा. धुरातून लाखोरीच्या डाळीचे वडे तळल्याचा खरपूस, दाट वास. मी जाईन तिथं तो माझ्या मागं पसरायचा. सकाळी सहाला उपाशीपोटी शेतात निघालेली माणसं वाटेवर थांबून श्वास घ्यायची. केशोरीच्या चौकात चहावाला विचारायचा, "इंदू, आज काय तळून राहिली?" कुत्री मागं लागायची ती भुंकायला नाही, आशेनं. कॉलेजात माझं नाव फोडणी पडलं आणि दोन वर्षं तेच राहिलं. मी वर्गात शिरले की मागून कोणीतरी कढीपत्ता म्हणायचं. मला राग यायचा, पण सात वाजता मी तिथं असायचे, ॲसिडच्या बाटल्यांसमोर, आणि सर हजेरी मांडायचे. त्या दिवसांत मी फार सुखी होते. हे तेव्हा कळलं नव्हतं, आज लिहिताना कळतंय.

दसरा होऊन गेला होता. धान फुलोऱ्यातून दाण्यावर आलं होतं. एका गुरुवारी कॉलेजातून परतताना, केशोरीच्या अलीकडे जंगलात, इंजिननं एक उचकी दिली आणि ते बंद पडलं. दोरी ओढली तर दोरी हलेचना. आत सगळं जाम. मी सायकल लोटत घरी आले, आणि पाहते तर आमच्या अंगणात गावातली चार घरं जमलेली. धानावर तुडतुडा आला होता. तुडतुडा म्हणजे ठिपक्याएवढा किडा, खोडाशी बसून रस पितो, आणि दोन-चार दिवसांत शेताचा गोलच्या गोल भाग वाळून पडतो. सगळे पंपाची वाट पाहत होते. म्हणजे इंजिनची. म्हणजे माझी.

बाबांनी सायकलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काऊन लोटत आणली?" मी सांगितलं. मला वाटलं कोणी तरी ओरडावं, म्हणजे मला रडता येईल. कोणी ओरडलं नाही. बाबा फक्त एवढं म्हणाले, "उद्या सकारी चाचाकडं."

शुक्रवारी चाचांनी इंजिन उघडलं आणि बोट आत घालून बाहेर काढलं. बोटाला मधासारखं काही तरी चिकटलेलं. पिस्टनच्या कड्यांवर तर ते कडक, पिवळं, चकचकीत झालेलं. चाचांनी हुंगलं. "क्या डाला इसमें?" मी सांगितलं. चाचांनी डोळे मिटले. "बेटी, अलसी का तेल? सुतार दरवाजे को क्या लगाता है चमकाने को? यही. तूने अंदर वार्निश कर दिया." त्यांनी रॉकेल लावलं, घासलं, ठोकलं. कड्या हलल्या नाहीत. नवीन सामान गोंदियाहून यायला आठ दिवस. आठ दिवसांत तुडतुडा चार घरांचं धान पिऊन मोकळा झाला असता.

इंजिन टोपलीत घालून आम्ही घरी आलो. बाबांनी टोपली चुलीजवळ ठेवली आणि मायला सगळं सांगितलं, माझ्या चुकीला मीठमसाला न लावता. मायनं आधी मला विचारलं, "म्हणजे माठातलं तेल तूच सारून राहिली होतीस? आन मी मांजरीले मारून राहिली होती." मग तिनं पिस्टन हातात घेतला, नखानं खरवडला आणि चेहरा सैल करून म्हणाली, "हे त कढईचं कीट आहे." आमच्याकडं जवसाच्या तेलात तळून तळून कढईला बाहेरून असाच पिवळा कडक थर चढतो. तो कुठल्या रॉकेलानं निघत नाही. माय सहा महिन्यांतून एकदा कढई मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घालायची, चुलीतल्या राखेचं निवळलेलं पाणी ओतायची आणि उकळायची. बाबा म्हणाले, "मशीन आहे ते." माय म्हणाली, "मशीन तुमची असन. तेल माहं आहे."

शनिवारी दुपारभर इंजिनचे तुकडे राखेच्या पाण्यात रटरटत होते. माय मधूनमधून झाऱ्यानं हलवायची, जणू काही भाजी लागू नये. संध्याकाळी थर साबणासारखा मऊ होऊन सुटला. कड्या बोटानं हलल्या. सगळं इंजिन मात्र काळंठिक्कर पडलं. रविवारी सकाळी चाचांनी स्वतः येऊन ते जोडलं, आपल्याकडचं खरं तेल पेट्रोलात टाकलं, दोरी ओढली, आणि ते सुरू झालं. चाचांनी मायला सलाम केला. माय पदर तोंडाला लावून आत गेली.

बाबांनी तिथंच बारी लावली, पाण्याची असते तशी. शेपटाकडचं शेत आधी. रविवारी दिवसभरात तिघांचं झालं, सूर्य बुडायच्या आत चौथ्याचं. राहिलं आमचं, तुडुमाजवळचं, ते सोमवारी सकाळी. सोमवारी सातला माझं प्रॅक्टिकल. मी काही मागितलं नाही. कोणत्या तोंडानं मागणार? माझी बारी मी तेलात तळून टाकली होती. मी मायला एवढंच म्हटलं की आर्ट्ससुद्धा चांगलं असतं. माय म्हणाली, "असन. तू त्याच्यातबी काही त तेल टाकशीनच."

सोमवारी उठून बाहेर आले तर अंगणात सायकल उभी, आणि इंजिन तिच्यावर. बाबा उकिडवे बसून चौथा बोल्ट आवळत होते. त्यांनी आजवर त्या सायकलीला हात लावला नव्हता, आणि बोल्ट उलटा बसवत होते. शेजारी अडगळीतला जुना हातपंप धुऊन ठेवलेला, हापसत हापसत मारायचा, एकराला अर्धा दिवस घेणारा. मी म्हटलं, "बाबा, आज फवारणीची बारी आहे." ते म्हणाले, "आहे. पण आज आपली आहे. दुसऱ्याची मी कोणाले देली नसती, तुलेबी नाही. आपली कोणाले द्याची ते मी पाहीन." मग पाना बाजूला ठेवून म्हणाले, "उजाडलं. जा."

मी गेले. पहिल्यांदाच वास आला नाही. चौकातल्या चहावाल्यानं विचारलं, "काऊन वो, आज उपास का?" मी सातला पोचले, सरांनी हजेरी मांडली, आणि मी टेबलाखाली तोंड घालून रडले. त्या संध्याकाळी पाऊस आला. अवेळी, दोन दिवस धरून. बाबांचं हातपंपानं अर्धंच शेत झालं होतं. पाऊस उघडेपर्यंत राहिलेल्या अर्ध्यात तुडतुड्यानं आपलं काम केलं. आठवड्याभरात मधोमध एक मोठा गोल वाळून तपकिरी पडला. चार घरांचं धान हिरवं, आणि पाणकराच्या शेतात खळं.

बाबांनी त्यावरून मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. पाळीवरून कोणी पाहुणा चालला की ते त्याला थांबवायचे, त्या वाळल्या गोलाकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हे नाही का, हे माह्या पोरीचं कॉलेज." पुढच्या वर्षी तिथं धान कमरेएवढं आलं, तरी ते तसंच म्हणायचे. मला नोकरी लागली, मी गोंदियाजवळ कुडव्याला घर केलं, तरी ते तसंच. आता कुडव्याच्या रस्त्यावर पोरी बॅटरीच्या गाड्यांवरून आवाज न करता, वास न करता निघून जातात. मला त्यांचं कौतुक वाटतं आणि थोडी दयाही येते.

बाबांच्या शेवटच्या वर्षी मी त्यांना हाताला धरून पाळीवर नेलं होतं. गुडघे त्यांचे गेले होते, माझेही जायच्या वाटेवर होते. त्यांनी तलावाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, परवा पाणी येईल. तिसऱ्या दिवशी आलंच. पण तेव्हा, ते म्हणाले त्या क्षणी, माझ्या डोक्यात इतक्या वर्षांनी एक गोष्ट आली. मी विचारलं, "बाबा, त्या सोमवारी तुमाले माहीत होतं? संध्याकाळी पाऊस येते म्हणून?"

ते माझ्याकडं असे पाहत राहिले जसं मी पुन्हा माठातलं तेल ओतलं आहे. "चाळीस वर्षं तलाव पाहून राहिलो," ते म्हणाले, "मले नाही समजन का?" आणि काठी टेकत तुडुमाकडं निघाले.